ताटातलं मटण गेलं, आता त्याची कामं कोण करणार?

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात फ्रोजन मटारच्या शेजारी हल्ली एक नवा कप्पा दिसतो. पाकिटावर नाव खिम्याचं, चित्रही खिम्याचंच आणि कोपऱ्यात मात्र हिरवा ठिपका. लोक पाकीट उचलतात, उलटं करतात, मागचं बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न करतात आणि परत ठेवून देतात. वाशी-सीवूड्सकडच्या मॉलमध्येही तेच चित्र. त्यात २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बनावट पनीरचा विषय विधानसभेत गाजला, तेव्हापासून इतकी वर्षं निमूट खाल्लेल्या पनीरकडेही संशयाने बघणं सुरू झालं.

दुसऱ्या बाजूला, घरात कुणीतरी एकजण मांसाहार सोडतो. कॉलेजात जाणारी मुलगी सोडते, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडल्यावर बाबा सोडतात, किंवा माळ घातली म्हणून काका सोडतात. बाकीचे खातच असतात. मग स्वयंपाक करणाऱ्या माणसापुढे प्रश्न येतो की त्या एका माणसाला काय वाढायचं. पहिल्या रविवारी पनीर होतं, दुसऱ्या रविवारीही पनीरच होतं आणि तिसऱ्या रविवारी “पुन्हा पनीर?” ऐकावं लागतं.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक मांसाहारी मराठी घरांत आठवडा आधीच वाटून घेतलेला असतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. काही घरांत मंगळवारही पाळतात, संकष्टी-एकादशी वेगळी. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार, कुठे कुठे मंगळवारही. म्हणजे ज्याने मांसाहार सोडला त्याच्यासाठी बदल करायचे ते मुख्यतः या तीन-चारच दिवसांत, आणि श्रावणात आपण सगळेच ते न कुरकुरता करतो. (गटारीच्या दिवशी पुढच्या महिन्याचा साठा पोटात करून ठेवणारे सोडून.)

इथवर सोपं वाटतं. पण घोळ दुसरीकडेच आहे आणि तो दिसत नाही. आपले ‘वाराचे’ दिवस पोषणाच्या दृष्टीने बऱ्याचदा हलके असतात: बटाट्याची किंवा दुधीची भाजी, पोळी, पातळ वरण, भात. घरातल्या इतरांची ती कसर बुधवारचे बोंबील आणि रविवारचं मटण भरून काढतं. ज्याने ते सोडलं, त्याची कसर भरून निघत नाही. म्हणून रविवारी मटणाच्या जागी काय, एवढ्यावरच डोकं लावून भागत नाही, गुरुवारचा डबाही बघावा लागतो. तो पुढे बघूच.

मटण नेमकं काय काय करत होतं?

ऑफिसात जुना हेडक्लार्क निवृत्त झाला की त्याच्यासारखा दिसणारा माणूस कुणी शोधत नाही. तो कुठली कामं करत होता याची यादी काढतात आणि ती दोघा-तिघांत वाटून देतात. ताटातल्या मटणाचंही तसंच करायला हवं.

त्याच्याकडे चार कामं होती. प्रथिनं पुरवणं हे एक. दाताखाली काहीतरी चावायला देणं हे दुसरं. रश्श्याला अंगचा रस आणि चरबीची चव देणं तिसरं. आणि लोह, बी-१२ जीवनसत्त्व अशा गोष्टी गुपचूप पोचवणं हे चौथं, ज्याची दखल कुणी घेत नाही. बाजारात ‘पर्याय’ म्हणून मिळणारी एकही वस्तू ही चारही कामं करत नाही. फणस चावायला उत्तम, पण प्रथिनांत जवळजवळ शून्य. सोया वडी प्रथिनांत मटणाच्या पुढे, पण स्वतःची चव नाहीच. पनीर दोन्हींच्या मधलं. एकाच वस्तूकडून सगळी अपेक्षा केली की मग “त्यात काही मजा नाही” हे वाक्य येतं.

प्रथिनांचा हिशेब, एकदाच

प्रथिनं म्हणजे प्रोटीन, शरीराच्या बांधणीचा कच्चा माल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. जिममधला पोरगा दीडशे ग्रॅम सांगतो, त्याच्याकडे तूर्त लक्ष देऊ नका.

आता तो गुरुवार. सकाळी पोहे, दोन वेळचा चहा, डब्यात तीन पोळ्या आणि दुधीची भाजी, रात्री पातळ वरण-भात आणि एखादी पालेभाजी. पोळीत तीनेक ग्रॅम प्रथिनं धरा, पोह्यांत तितकीच, पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच. दिवसाची बेरीज तिसाच्या आसपास थांबते. पोट भरलेलं, प्रथिनं मात्र दोन-तृतीयांश.

हा खड्डा बुजवायला मटणासारखं दिसणारं काहीही लागत नाही. पोह्यांत मूठभर शेंगदाणे टाकले की सात ग्रॅम वाढले. डब्यात दह्याची वाटी दिली की चार-पाच. रात्री पातळ वरणाऐवजी मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची घट्ट उसळ केली तर वाटीला सात-आठ. एवढ्यात पंचेचाळीस गाठले. गुरुवार, सोमवार, शनिवार हे तीन वार असे जरा सावरले की रविवारच्या भांड्यावरचा भार एकदम कमी होतो. डाळ-भात किंवा उसळ-पोळी एकत्र खाण्यालाही अर्थ आहे: धान्याच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत असतो आणि डाळीतला उणा घटक धान्यात. तो मेळ त्याच घासात बसायला हवा असं नाही, दिवसभरात बसला तरी चालतो.

सोया वडी: स्वस्त, पौष्टिक आणि बदनाम

लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की बातमी होते, पण मराठवाडा-विदर्भातलं ते सोयाबीन आपल्या घरी येतं मुख्यतः तेल बनून. तेल काढल्यावर उरते ती पेंड. प्रथिनं सगळी तिच्यातच, आणि तिचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे चिकन खाणाराही फिरून सोयाच खात असतो.

तेल काढलेल्या सोयाचं खाण्यायोग्य पीठ पाण्यात कालवून, उष्णता आणि दाब देऊन एका यंत्राच्या बारीक तोंडातून बाहेर ढकललं की दाब एकदम सुटतो, पीठ फुलतं आणि त्याला धाग्यांसारखी रचना येते. मक्याचे फुगीर स्नॅक्स याच जातीच्या यंत्रातून निघतात. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेत रुळलं. १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. एका माणसाच्या वाटणीला हाडासकट दीडशे ग्रॅम मटण आलं तर त्यातून वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढीच ४० ग्रॅम कोरड्या वडीत मिळतात आणि ती भिजून फुगली की वाडगा भरतो. एक किलो मटणाच्या पैशांत वडी तीन-चार किलो सहज येते.

तरीही लोक नाकं मुरडतात, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची शिजवलेली असते. नुसती भिजवून रश्श्यात सोडली की ती पाण्याने आधीच भरलेली असते. मसाला आत शिरायला जागाच नसते. चावलं की फिकं पाणी तोंडात येतं आणि वर एक कच्च्या कडधान्याचा वास.

करायचं असं. पाण्याला उकळी आणून त्यात मीठ घाला, चवीला खारट लागेल इतकं. वड्या पाच-सात मिनिटं उकळा. पाणी पिवळट आणि फेसाळ होईल, ते ओता. गार पाण्यातून दोनदा काढा आणि तळहातांच्या मध्ये दाबून पिळा, पाणी निघणं थांबेपर्यंत. पिळलेली वडी हलकी, सुकी आणि स्पंजासारखी दिसायला हवी. आता दही, आलं-लसूण, तिखट-हळद लावून अर्धा तास ठेवा, म्हणजे रिकाम्या झालेल्या भोकांत मसाला शिरतो. मग थोड्या तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परता. परतणं टाळू नका. मटण शिजताना स्वतःची चरबी सोडतं, वडी काहीच सोडत नाही. म्हणून तेल एक पळी जास्त घ्यावं लागतं, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, कारण वडीत मुळात तेल जवळजवळ नसतंच.

खिम्यासाठी सोयाचा चुरा मिळतो. तो गरम पाण्यात पाचच मिनिटं ठेवून फडक्यात पिळायचा आणि मसाल्यात घालण्याआधी कोरड्या कढईत ओल जाईपर्यंत भाजायचा. मूठभर मटार, शेवटी लिंबू. पावाबरोबर बुधवारी संध्याकाळी हा खिमा ठेवला तर घरातले मांसाहारीही मागून घेतात, हा माझा अनुभव आहे.

बाकीची मंडळी

कच्चा फणस, कोकणात ज्याला कुयरी म्हणतात, उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळी नाक्याच्या मंडईत कापून सोललेला मिळतो. हाताला आणि सुरीला तेल लावून घ्या, नाहीतर चीक दिवसभर जात नाही. मटणासारखे धागे सुटण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण १०० ग्रॅममध्ये प्रथिनं तीन ग्रॅमच्या आतच. म्हणून फणसाच्या रश्श्यात भिजवलेले काबुली चणे किंवा वाल घालायचे. चावण्याचं काम फणस करेल, प्रथिनांचं चणे.

मशरूमही प्रथिनांत फणसाच्याच पंगतीतलं. पण त्याच्यात मांसाशी मिळतीजुळती खमंग खोली असते, तीच जी मंद आचेवर आटवलेल्या टोमॅटोत असते. रस्सा पोकळ लागत असेल तर चार मशरूम बारीक चिरून वाटणाबरोबर खरपूस परता.

टोफू म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर. पनीरपेक्षा चरबी कमी, पण पनीर समजून खाल्लं तर निराशा नक्की. वजनाखाली ठेवून पाणी काढा आणि भुर्जी करा, ती जमते.

पनीरबद्दल थोडं सावकाश. १०० ग्रॅम पनीरमध्ये प्रथिनं अठरा-वीस ग्रॅम आणि चरबीही तितकीच किंवा जास्त. आठवड्यात एकदा-दोनदा छान, रोज नको. बाजारात ‘ॲनालॉग’ नावाचा जो प्रकार आहे, त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं, कधी स्टार्चही. तो विकणं गुन्हा नाही, पण पनीर म्हणून विकणं नियमात बसत नाही. पाकिटावर तसं लिहावं लागतं. सुट्टं घेत असाल तर छोटा तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. मात्र रंग बदलला नाही म्हणून तेल नाही असं सिद्ध होत नाही. खात्री हवी असेल तर दीड लिटर दूध फाडून घरी करा, पाव किलोच्या आसपास पडतं.

मग त्या फ्रोजन पाकिटांत काय असतं?

मुख्यतः सोया, वाटाणा किंवा गव्हातून वेगळी काढलेली प्रथिनं, नारळाचं किंवा दुसरं तेल, धरून ठेवणारे पदार्थ, मीठ आणि चवीचे अर्क. उदयपूरच्या गुडडॉटसारख्या कंपन्या यात आहेत, आणि रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये आपला ब्रँड आणल्यावर मराठी घरांतही त्याची चर्चा झाली.

ही पाकिटं वाईट नाहीत, पण रोजचं अन्नही नाही. घाईच्या दिवशी, पाहुण्यांसाठी, किंवा नुकतंच सोडलेल्या माणसाला कबाबची फार आठवण आली तर ठीक. मागच्या बाजूला दोन आकडे बघा: १०० ग्रॅममागे प्रथिनं आणि सोडियम. दिवसभराचं सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटातला कबाब त्यातला मोठा वाटा एका बैठकीत उचलू शकतो, आणि वर आपलं लोणचं-पापड असतंच. गव्हाच्या ग्लुटेनची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी पूर्ण वाचा.

हिरव्या ठिपक्यात दूध चालतं, अंडं चालत नाही. दूधही नको असेल तर २०२२ च्या नियमांनुसारचं वेगळं व्हीगन चिन्ह शोधायचं. मांसाहाराचं चिन्ह पूर्वी तपकिरी गोल होतं, आता तपकिरी त्रिकोण आहे, म्हणजे रंग नीट न ओळखता येणाऱ्यालाही फरक कळतो.

एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार?

कुणीच नाही. रविवारचा रस्सा मुळात शाकाहारीच असतो, मटण पडेपर्यंत. कांदा-खोबरं भाजून वाटण करा, फोडणीत घाला, घरचा मसाला घालून तेल सुटेपर्यंत परता, गरम पाणी ओता, उकळी आणा. आगरी-कोळी घरांतला मसाला असेल तर त्याच्या जोरावर अर्धी लढाई इथेच जिंकलेली असते. मटण हळद-मीठ लावून वेगळं कुकरला लावा. रश्श्यातला हवा तेवढा भाग आधी दुसऱ्या पातेल्यात काढा आणि त्यात परतलेल्या वड्या, उकडलेला बटाटा किंवा फणस सोडा. उरलेल्यात मटण आणि त्याचं पाणी. पळी वेगळी ठेवा, आणि ती वेगळी आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भांडणं मसाल्यावरून होत नाहीत, पळीवरून होतात.

शुक्रवारच्या माशाचं काय, हा खरा अवघड प्रश्न. पापलेटला पर्याय नाही, असल्याचं सोंगही करू नये. सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे काप आगळ-तिखट लावून, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस तळले की तव्यावरचा तो आनंद मिळतो. मात्र त्यात प्रथिनं नाममात्र, तेव्हा शेजारी वालाचं बिरडं हवंच. ठाण्यातल्या सीकेपी घरांना हे सांगायची गरज नाही. बिरडं असलं की तिथे माशाची आठवण उशिरा येते.

हमखास येणाऱ्या शंका

“सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात म्हणे.” सोयामध्ये स्त्री-संप्रेरकाशी थोडं साम्य असलेले आयसोफ्लेवोन असतात, त्यावरून ही भीती पसरली. पण अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१० आणि २०२१ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात सोयाचा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. आठवड्यातून दोनदा वडी खाणाऱ्याने काळजी करू नये.

“थायरॉइडची गोळी चालू आहे.” सोया त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतं. गोळी पहाटे उपाशीपोटी आणि सोया दुपारी किंवा रात्री, असं अंतर ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायलाच हवं.

“पोटात गॅस होतो.” होतो. कडधान्यं आणि सोयामधल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या आतड्यातले जिवाणू खातात आणि वायू करतात. भिजवलेलं पाणी फेकणं, मोड आणणं आणि पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच घेणं याने बराच फरक पडतो.

“सोडलंच आहे तर मटणासारखं हवंच कशाला?” रास्त आहे. ओल्या काजूची उसळ, पिठलं-भाकरी किंवा मामलेदारची मिसळ खाताना कुणी मटण शोधत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांची जिभेची सवय एका सोमवारी जात नाही आणि रविवारच्या पंगतीत सगळ्यांसारखं लालभडक ताट आपल्यापुढेही असावं, असं वाटण्यात गैर नाही.

लोह आणि बी-१२

वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. ‘क’ जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण सुधारतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरू येऊ द्या. चहामुळे ते घटतं, तेव्हा जेवणावर लगेच चहा नको. मासिक पाळी चालू असलेल्या मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं.

बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. सोया वडी, फणस, डाळ यांत ते नसतंच. फ्रोजन पाकिटात वरून घातलं असेल तर तसं लिहिलेलं असतं. दूध-दही रोज घेणाऱ्याला काही प्रमाणात मिळतं. जो दूधही सोडतो, त्याला गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ लागणारच. शरीरातला जुना साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे सोडल्यावर पहिल्या वर्षात काहीच जाणवत नाही आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा सुरू झाल्यावर धावपळ होते. साधी रक्ततपासणी आहे. घरातल्या ज्याने मांसाहार सोडला त्याची ती सोडतानाच एकदा करून घ्यावी आणि पुढे वर्षाने पुन्हा, म्हणजे तुलनेला आकडा हातात राहतो.